पेत्र गिंझ आणि नववी ब

6 जानेवारी, मंगळवार

शाळेतून फोन आला. 27 तारखेला नववीच्या मुलांपुढे बोलायचं आहे. 1945 साली त्या दिवशी सोव्हिएत फौजा आउशवित्झच्या छावणीत शिरल्या. नाझींनी केलेल्या नरसंहाराचा स्मरणदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये तीच तारीख निवडली. शाळेने विषयही ठरवून टाकलाय : 'ज्यू मुलाचं बालपण आणि आजचं बालपण'. मुख्याध्यापिका एके काळच्या माझ्या सहकारी, वयाने बऱ्याच लहान. म्हणाल्या, "बाई, आपल्या मुलांना किती आयतं मिळतंय ते एकदा कळू दे त्यांना."

हो म्हणाले. पण नेमकं हेच सांगायचं नाही, असं फोन ठेवतानाच ठरवलं. पंधरा लाख ज्यू मुलं मारली गेली ती आमच्या मुलांनी ताटातली भाजी संपवावी म्हणून नव्हे.

8 जानेवारी, गुरुवार

कोणावर बोलावं? अ‍ॅन फ्रँक निदान नावाने तरी सगळ्यांना ठाऊक असते. मला मुलगा हवा होता, नववीच्या वयाचा, आमच्या पोरांसारखाच थोडा आगाऊ. पेत्र गिंझ आठवला. लेकाने मागे त्याच्या रोजनिशीचं इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. ते माळ्यावरून काढलं.

जन्म 1 फेब्रुवारी 1928, प्राग. वडील ज्यू, कापडाच्या व्यापारी कंपनीत नोकरीला. आई ज्यू नव्हती. दोघांची ओळख झाली ती एस्पेरान्तो भाषेच्या वेडातून. सगळ्या जगाची एक सोपी भाषा असावी, म्हणजे भांडणं मिटतील, असं मानणारी ही मंडळी. पेत्रला एक बहीण, एव्हा, दोन वर्षांनी धाकटी. घर खाऊनपिऊन सुखी. पोरगा आठव्या वर्षापासून कादंबऱ्या लिहायचा, चित्रंही स्वतःच काढायचा. ज्यूल व्हर्नचा भक्त. व्हर्न आमच्या पिढीला भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून, त्यामुळे हा मुलगा मला लगेच ओळखीचा वाटला. त्याच्या कादंबऱ्यांपैकी एकच शिल्लक राहिली, 'प्रागैतिहासिक काळातून आलेला पाहुणा'. तीत एक अक्राळविक्राळ प्राणी आफ्रिकेत धुमाकूळ घालतो आणि शेवटी निघतं ते यंत्र.

11 जानेवारी, रविवार

आज दिवसभर रोजनिशी वाचत होते. ती 19 सप्टेंबर 1941 ला सुरू होते. त्या दिवसापासून प्रागमधल्या ज्यूंना छातीवर पिवळा तारा शिवून हिंडण्याची सक्ती झाली. पेत्र आधी हवा कशी आहे ते लिहितो, धुकं आहे म्हणतो, मग ताऱ्याचं. आणि पुढे काय, तर शाळेत जाताना वाटेत दिसलेले तारेवाले त्याने मोजले : 69. इंग्रजी सिनेमातल्या शेरीफच्या छातीवरही तारा असतो, म्हणून तो यांना 'शेरीफ' म्हणतो. ज्या रस्त्यावर असे पुष्कळ लोक दिसत, त्याला लोकांनी आकाशगंगा हे नाव ठेवलं होतं, तेही त्याने टिपून ठेवलंय.

मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. तेरा वर्षांचं पोर. अपमानाची मोजदाद करतं आणि तिचा खेळ करून टाकतं. हे धैर्य वगैरे आहे असं मला वाटत नाही. त्या वयात मुलं असंच करतात. लाल गाड्या मोजतात, विजेचे खांब मोजतात.

पुढची पानंही तशीच. गृहपाठ, मास्तरांच्या नकला, कोणाला कसं फसवलं, दुपारी कुठे फिरलो. आणि त्यातच, त्याच सुरात, आज अमक्याला छावणीच्या गाडीची नोटीस आली, वर्गातला तमका आता नाही. मोठ्या माणसाने लिहिलं असतं तर इथे उसासा आला असता. याच्या लिहिण्यात तो कुठेही नाही, आणि म्हणूनच सलग वाचवत नाही.

मुलांना नाझी राजवट सांगताना आपण थेट गॅस चेंबरवर उडी मारतो. पाठ्यपुस्तकही तेच करतं. मधली वर्षं राहून जातात, आणि माझ्या मते शिकवण्यासारखं सगळं त्या मधल्या वर्षांत आहे. सुरुवात कोणी रणगाड्याने केली नव्हती, फर्मानांनी केली. 1939 च्या मार्चमध्ये जर्मनांनी प्राग घेतलं. मग रेडिओ जमा करा. 1940 पासून ज्यू मुलांना चेक शाळा बंद; पेत्र याखिमोवा गल्लीतल्या ज्यू शाळेत जाऊ लागला, तीही 1942 च्या उन्हाळ्यात बंद झाली. बागेत जायचं नाही. पोहण्याचा तलाव, सिनेमा, नाटक नाही. ट्रामच्या शेवटच्या डब्यातच चढायचं. दुकानात ठरलेल्या तासांतच जायचं. फळं विकत घ्यायची नाहीत. सायकल, कॅमेरा, टाइपरायटर, वाद्यं, लोकरीचे गरम कपडे आणून जमा करा. प्रत्येक हुकूम एकेकटा पाहिला तर छोटाच, त्यावर कोणी रस्त्यावर येणार नाही असा. जमा केलेल्या वस्तूची रीतसर पावती मिळायची.

14 जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारचा मुलगा तिळगूळ द्यायला आला. हाही नववीत. त्याला म्हटलं, बस जरा, तुझा दिवस कसा जातो ते सांग. आधी त्याला वाटलं मी अभ्यासाची चौकशी करतेय. मग बोलला. सहाला क्लास, मग शाळा, पाच ते आठ पुन्हा क्लास, घरी आल्यावर फोन तासभर ("म्हणजे दोन, आजी"). पतंग? "वेळच नाही, आणि मांज्याने पक्षी मरतात." दोन्ही खरं. मित्र? आहेत, पण भेटतात ते गेममध्ये, हेडफोन लावून.

याचं बालपण सुखाचं की दुःखाचं हे मला ठरवता येईना. सोपं मात्र नाही. आणि याच तालुक्यात, साखर कारखान्याच्या मागे, पाचटाच्या खोपटात बीडहून आलेल्या ऊसतोड मजुरांची पोरं दिवाळीनंतर चार-पाच महिने राहतात. त्यांचंही बालपण आजचंच. नववीपर्यंत पोचणारी त्यांतली थोडी. 'आजचं बालपण' असं एकवचनात कोणी बोललं की मला शंका येते.

ही मुलं आणि पेत्र यांना मी एका पारड्यात घालणार नाही. ऊसतोडीत लेकरांची शाळा बुडते हा अन्याय आहे आणि तो आपल्या हाताने मिटवता येण्यासारखा आहे. पेत्रच्या बाबतीत सरकारला त्याची शाळा नव्हे, तोच नको होता. दोन्हींची सरमिसळ केली की कशालाच न्याय मिळत नाही.

18 जानेवारी, रविवार

ऑक्टोबर 1942 मध्ये पेत्रला नोटीस आली. अशा मिश्र लग्नातल्या मुलांना चौदा वर्षं पूर्ण झाली की न्यायचं, असा नियम. आई ज्यू नव्हती म्हणून बाप आणि बहीण तूर्त मागे राहिले. हा एकटा टेरेझीनच्या छावणीकडे निघाला. पन्नास किलोपर्यंत सामान चालत होतं.

सामानात त्याने काय घेतलं ते त्याने नंतर लिहून ठेवलंय. कपडे, खाणं आईने भरलं असेलच. त्याने स्वतः घेतला तो कागदांचा गठ्ठा, लिनोलियमचे तुकडे, ते कोरून ठसे काढायच्या छोट्या सुऱ्या, आणि अर्धी राहिलेली कादंबरी.

हे मुलांना सांगायचं. तुम्ही काय घ्याल, असं मात्र विचारायचं नाही. 'चार्जर' असं उत्तर येईल, वर्ग हसेल आणि मग त्यांना हसल्याची शरम वाटायला लावणं भाग पडेल. असल्या सापळ्यात मुलांना पकडणं मला पटत नाही.

21 जानेवारी, बुधवार

टेरेझीनचं लिहून काढते, नाहीतर बोलताना गोंधळ होईल.

प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं किल्ल्याचं गाव. अठराव्या शतकाच्या शेवटी सम्राट दुसऱ्या जोसेफने बांधलं आणि आई मारिया तेरेसाचं नाव दिलं. लढाईपूर्वी तिथे सातेक हजार माणसं राहत. नाझींनी ती हलवली आणि तटबंदीच्या आत ज्यूंना कोंडलं. सप्टेंबर 1942 मध्ये त्याच जागेत 58 हजार होते. एकूण जवळपास 1 लाख 40 हजार माणसं तिथे नेली. सुमारे 33 हजार तिथेच भुकेने, आजाराने गेली. 88 हजारांच्या आसपास पुढे पूर्वेकडच्या छावण्यांत आणि मृत्युस्थळांकडे रवाना झाली.

मुलांसाठी वेगळी वसतिगृहं होती. ती सुरू केली कैद्यांतल्याच मोठ्या माणसांनी. शिकवायला बंदी. गाणी, हस्तकला, खेळ चालत, म्हणून खेळाच्या नावाखाली गणित आणि इतिहास चालायचा, दाराशी एक मुलगा पहाऱ्याला. एल 417 ही मूळची शाळेचीच इमारत. तिच्यातल्या पहिल्या खोलीत तेरा ते पंधरा वयाची पोरं तीन मजली फळ्यांवर झोपत. त्यांचा सांभाळणारा वाल्टर आयझिंगर, तिशीतही न पोचलेला मास्तर. तो मुलांच्याच खोलीत राहायला आला.

याच खोलीत डिसेंबर 1942 पासून दर शुक्रवारी एक साप्ताहिक निघू लागलं. नाव 'वेदेम', म्हणजे 'आम्ही पुढे आहोत'. संपादक पेत्र गिंझ, वय चौदा. सुरुवातीचे अंक टाइप केले, मग रिबन संपली, तेव्हा हाताने. प्रत एकच. शुक्रवारी संध्याकाळी सगळे फळ्यांवर बसत आणि ज्याने जे लिहिलं ते तो वाचून दाखवी. आपल्या शाळांत हस्तलिखित निघायचं तसंच. शाळेच्या कपाटात अजून काही बांधलेली असतील, मखमली पुठ्ठ्याची.

पेत्र संपादक म्हणून कसा होता? चिकट. मुलं लिहून देईनात तेव्हा घरून आलेल्या पार्सलातलं खाणं तो लेखांच्या मोबदल्यात वाटायचा. तरी पानं भरली नाहीत तर वेगवेगळ्या टोपणनावांनी स्वतःच लिहायचा. दिवाळी अंकाच्या कुठल्याही संपादकाला हे नवीन नाही, फक्त तिथे मानधन पाव होता. त्याचं एक सदर होतं, टेरेझीनमधल्या भटकंतीचं. बेकरीत जायचं, अग्निशमन दलात जायचं, तिथल्या माणसांना प्रश्न विचारायचे, आकडे उतरवून घ्यायचे. असाच तो स्मशानभट्टीतही गेला आणि तीही तशीच लिहिली. वार्ताहराची नजर. घाबरला नसेल असं नाही. पण लिहिताना त्याला काम होतं.

शिवाय तो दर महिन्याला स्वतःसाठी बेत आखायचा आणि महिनाअखेरीस त्याचा अहवाल लिहायचा : काय वाचलं, किती चित्रं काढली, लघुलेखनात कुठवर आलो. शेजारच्या मुलाच्या क्लासचं वेळापत्रक आठवलं. फरक एवढाच, की याचं वेळापत्रक याने स्वतः केलेलं होतं. हा फरक लहान नाही.

23 जानेवारी, शुक्रवार

सर्दी. काही वाचलं नाही. मुख्याध्यापिकांचा निरोप : 'फार भीषण नको, पालकांच्या तक्रारी येतात.' ठीक. प्रेतांचे ढीग मलाही दाखवायचे नव्हतेच.

26 जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेले. संविधानाची प्रस्तावना मुलं एका दमात म्हणाली, पाढ्यासारखी.

त्या पहिल्या खोलीनेही स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. नाव 'श्कीद'. आयझिंगरने त्यांना रशियातल्या अनाथ मुलांच्या शाळेची गोष्ट सांगितली होती, तिच्यावरून. निवडून दिलेला अध्यक्ष, स्वतःचं राष्ट्रगीत, स्वतःची मुद्रा : पुस्तकावरून ताऱ्याकडे झेपावणारा अग्निबाण. ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं त्या पोरांनी तीन मजली फळ्यांच्या खोलीत निवडणूक घेतली. उद्या हे सांगितलंच पाहिजे. प्रस्तावना कालच म्हटलेली असेल, त्यामुळे वेगळं काही बोलायची गरज नाही.

27 जानेवारी, मंगळवार

बोलून आले. नववी ब, साठेक मुलं, पंखे बंद, खिडकीबाहेर कबड्डीचा आरडाओरडा. मी पेत्रचंच सांगितलं. 'आजचं बालपण' यावर एक वाक्यही बोलले नाही. प्रश्न विचारा म्हटलं, तेव्हा ते आपोआप आलं.

पहिला : पळून का नाही गेला? दरवेळी हाच असतो. सांगितलं, चौदाव्या वर्षी, पैशाशिवाय, छातीवर तारा, आणि लपवणाऱ्याला मृत्युदंड. 27 मे 1942 ला प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर मारेकऱ्यांना थारा दिल्याच्या नुसत्या संशयावरून लिदित्से हे गावच्या गाव नष्ट केलं. कुठे जाणार?

दुसरा मागच्या बाकावरून : "मोबाईल असता तर लाइव्ह लोकेशन टाकलं असतं." वर्ग हसला. मीही हसले. मग म्हटलं, याद्या करणाऱ्यांच्या हातात पण मोबाईल असता ना रे. कोण कुठे राहतं, कोणाचे आईबाप कोण, हे त्यांनी कार्डांवर लिहून काढलं होतं, तेवढ्यावर भागलं. हसणं थांबलं. मुलगा हुशार आहे, स्वतःच म्हणाला, "मग तर एका दिवसात झालं असतं."

तिसरी एक मुलगी, आवाज इतका बारीक की पुन्हा विचारायला लावलं : "आधीच्या शाळेतली मुलं, म्हणजे ज्यू नसलेली, त्याच्याशी बोलायची का?"

या प्रश्नासाठी तरी गेल्याचं सार्थक झालं. उत्तर एकच असं नाही, असं सांगितलं. कोणी बोलत, कोणी रस्ता बदलत. पण 1940 साली प्रागच्या शेकडो वर्गांत हजेरीपटातली काही नावं खोडली गेली आणि दुसऱ्या दिवशी तास नेहमीसारखाच सुरू झाला. त्या वर्गांतल्या उरलेल्या मुलांचंही ते बालपण होतं. आपल्यातले बहुतेक जण पेत्रच्या जागी असणार नाहीत, त्या उरलेल्या बाकांवर असणार.

चौथा प्रश्न, आपल्याकडे ज्यू आहेत का? आहेत की, म्हटलं. कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे. तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले, कोणी त्यांच्या दाराला हात लावला नाही. मुलांना बरं वाटलं. मलाही वाटतं, पण तेवढ्यावर शाबासकी घ्यावी असं नाही. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी आडनाव विचारतात आणि मग डबा कोणासोबत खायचा ते ठरतं. तारा शिवावा लागत नाही. हे मी वर्गात बोलले. मागे उभ्या शिक्षिका खाली बघू लागल्या, मुलं मात्र नाही.

1 फेब्रुवारी, रविवार

शेवट सांगायचा राहून गेला होता, वेळ संपली. मुलांना लिहून पाठवला.

28 सप्टेंबर 1944 च्या गाडीने पेत्रला आउशवित्झला पाठवलं. एव्हा तोवर टेरेझीनमध्ये येऊन पोचली होती. गर्दीतून वाट काढून तिने भावाला पाव पोचवला. पेत्र आउशवित्झमध्ये मारला गेला, वय सोळा. त्या दिवसापासून महिनाभरात अकरा गाड्यांनी अठरा हजारांवर माणसं नेली, आयझिंगरही त्याच शरदात गेला आणि परतला नाही. पहिल्या खोलीतून साधारण शंभर मुलं गेली, त्यातली 15 जगली. एव्हा आणि वडील वाचले.

पेत्रने टेरेझीनमध्ये पेन्सिलीने एक चित्र काढलं होतं. चंद्रावरचे टोकदार डोंगर आणि पलीकडे काळ्या आकाशात पृथ्वी. चंद्रावर माणूस जायला अजून पंचवीस वर्षं होती. हे चित्र जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात आहे. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराची आई आउशवित्झमधून वाचलेली. त्याने चित्राची प्रत सोबत नेली, 'कोलंबिया' यानातून. त्याच यानात कर्नालची कल्पना चावला होती. 1 फेब्रुवारी 2003, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळ होती, टीव्हीसमोर सगळे थिजून बसलो होतो. उतरायला सोळा मिनिटं बाकी असताना यान फुटलं. सातही जण गेले. तो पेत्रचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, हे तेव्हा इथे कोणाला ठाऊक असणार? चित्राची बातमी जगभर झाली आणि प्रागमध्ये एका घराच्या माळ्यावर सापडलेल्या जुन्या वह्यांवरचं नाव कोणाला तरी आठवलं. रोजनिशी अशी बाहेर आली.

असले योगायोग मला फारसे भुरळ घालत नाहीत. पण मुलांना हाच भाग सगळ्यांत आवडेल हे माहीत आहे, म्हणून लिहिला.

5 फेब्रुवारी, गुरुवार

मुख्याध्यापिकांचा फोन. नववी बला हस्तलिखित काढायचंय. शाळेचं बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यांची अट : मजकूर आधी शिक्षकांनी तपासायचा, 'अयोग्य काही नको'. मी म्हटलं, शुद्धलेखनसुद्धा तपासू नका. आधी काढू दे, वर्गात मोठ्याने वाचू दे, कोणी रुसू दे. त्या विचार करते म्हणाल्या.

'वेदेम'ची जवळपास आठशे पानं आज आहेत ती झ्देनेक टाउसिग या मुलामुळे. वडिलांच्या लोहारकामामुळे तो शेवटपर्यंत टेरेझीनमध्ये राहू शकला. त्याने ती लपवली आणि सुटका झाल्यावर प्रागला नेली. त्यांत विनोद आहेत, भांडणं आहेत, मास्तरांवर टीका आहे, मुलींविषयी चावट मजकूर आहे. आयझिंगरने तो काढून टाकला असता तर आपल्या हाती एक सुबक, निरुपयोगी वही आली असती.

हे वाचणाऱ्यांत कोणी शिक्षक असतील तर एवढंच मागणं आहे : या वर्षी आपल्या वर्गाला एक कोरी वही द्या, संपादक मुलांना निवडू द्या, आणि लाल पेन घरी ठेवून या.